अठ्ठ्याहत्तराव्या अक्षवृत्तावरील हवा : स्वालबार्डला जाणाऱ्या प्रवाशांसाठी

उत्तरेकडील एखाद्या दूरच्या प्रदेशात जावयाचे ठरले, की प्रवाशाचा पहिला प्रश्न असतो : "तेथे थंडी किती असते?" प्रश्न साधा आहे, आणि त्याचे उत्तर एखाद्या आकड्यात मिळावे अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. स्वालबार्डच्या बाबतीत असा आकडा देताही येतो. लाँगयिअरब्येन हे तेथील मुख्य गाव. १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या नोंदींवरून पाहता, तेथील कडक हिवाळ्याच्या महिन्यांचे सरासरी तपमान उणे १० ते उणे १२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान येते. जुलै महिन्याचे सुमारे ७ अंश येते. हे आकडे वाचून एखाद्याला वाटेल, की एवढी थंडी तर आपल्या लडाखातही पडते. मग या प्रदेशाविषयी निराळे सांगण्यासारखे ते काय?

सांगण्यासारखे पुष्कळ आहे. तेथील हवा केवळ तपमापकावरून कळत नाही. प्रकाश, समुद्र, वारा आणि जमीन या चौघांचा तिच्यात वाटा आहे, आणि यांपैकी एकाचाही हिशेब चुकला तर त्याची किंमत मोठी पडते. विशेष म्हणजे, तेथे अत्यंत थंड दिवसच तेवढे धोक्याचे असतात असे नाही. भर हिवाळ्यात अवचित उबदार झालेला दिवस त्याहूनही फसवा ठरतो. असे का व्हावे, हे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रदेशाची ओळख

नकाशात नॉर्वेच्या उत्तर टोकावर बोट ठेवून ते तसेच ध्रुवाकडे नेले, तर सुमारे निम्म्या वाटेवर एक द्वीपसमूह लागतो. ७४ ते ८१ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान पसरलेला हा द्वीपसमूह म्हणजेच स्वालबार्ड. त्यातील सर्वांत मोठे बेट स्पिट्सबर्गन. विलेम बॅरेंट्स या डच दर्यावर्दीने १५९६ साली ही भूमी पाहिली आणि तिच्या अणकुचीदार पर्वतशिखरांवरून तिला हे नाव मिळाले. द्वीपसमूहाची निम्म्याहून अधिक जमीन हिमनद्यांखाली झाकलेली आहे. झाड असे तेथे नाहीच. जमिनीला चिकटून वाढणारी, जेमतेम बोटभर उंचीची ध्रुवीय विलो हीच तेथील वनश्री.

लाँगयिअरब्येन हे गाव ७८ अंश १३ मिनिटे उत्तर अक्षांशावर, एका अरुंद दरीत वसलेले आहे. १९०६ साली जॉन मन्रो लाँगयिअर या अमेरिकन उद्योजकाच्या कंपनीने कोळशाच्या खाणीसाठी ते वसविले. सांप्रत तेथे सुमारे अडीच हजार लोक राहतात. नॉर्वेची तेथील शेवटची कोळशाची खाण २०२५ साली बंद झाली. आता गावाचा निर्वाह मुख्यतः पर्यटन, संशोधन आणि शिक्षण यांवर चालतो. १९७५ साली तेथे विमानतळ झाला, आणि पूर्वी जेथे पोहोचण्यास जहाजाने दिवसचे दिवस लागत तेथे ऑस्लोहून सुमारे तीन तासांत जाता येऊ लागले. प्रवास इतका सोपा झाला, म्हणूनच हवेविषयीच्या माहितीची गरज वाढली आहे. प्रवाशाचे शरीर आणि मन तीन तासांत बदलत नाही.

समुद्राची देणगी

ज्या अक्षवृत्तावर हे गाव आहे, त्याच्या आसपास पृथ्वीवर इतरत्र काय स्थिती आहे ते पाहू. कॅनडाच्या उत्तर भागात युरेका नावाचे हवामान केंद्र ८० अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे. तेथील वर्षाचे सरासरी तपमान सुमारे उणे १९ अंश आहे. लाँगयिअरब्येनचे वार्षिक सरासरी तपमान १९९१ ते २०२० या काळात उणे ४ अंशांच्या आसपास होते. सूर्य दोघांनाही जवळजवळ सारखाच मिळतो. मग १५ अंशांचा हा फरक आला कोठून?

याचे उत्तर समुद्रात आहे. मेक्सिकोच्या आखाताकडून निघालेला उष्ण जलप्रवाह अटलांटिक महासागर तिरपा ओलांडून नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेस जातो. त्याची एक शाखा स्पिट्सबर्गनच्या पश्चिम किनाऱ्याला लागून ध्रुवाकडे सरकते. वाटेत तिची बरीचशी उष्णता खर्च झालेली असते. तरीही शून्याच्या वर काही अंश इतकी ऊब तिच्यात उरते. आपल्या दृष्टीने हे पाणी बर्फासारखेच गार. परंतु उणे २० अंशांच्या हवेच्या मानाने ते चुलीसारखे ऊबदार ठरते. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यालगतचा समुद्र भर हिवाळ्यातही पुष्कळसा मोकळा राहतो, आणि मोकळ्या पाण्यावरून येणारी हवा बेटाला ऊब देते. पूर्व किनाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तेथे उत्तरेकडून थंड पाणी व वाहते बर्फ येते, आणि त्या बाजूची हवा अधिक कठोर असते.

यावरून प्रवाशाने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. स्वालबार्ड हे उष्ण समुद्र आणि गोठलेला समुद्र यांच्या सीमेवर उभे आहे. वारा नैर्ऋत्येकडून आला, तर त्याच्याबरोबर अटलांटिकची दमट ऊब येते. ईशान्येकडून आला, तर ध्रुवीय बर्फाचा गारठा येतो. म्हणून एकाच आठवड्यात, भर जानेवारीत, तपमान उणे २० अंशांवरून शून्याच्या वर जाऊ शकते आणि पुन्हा खाली येऊ शकते. आपल्याकडे पहाट थंड व दुपार उष्ण असा नेम असतो. तेथे हिवाळ्यात पहाट नाही आणि दुपारही नाही. थंडी वाढणार की कमी होणार हे घड्याळावरून ठरत नाही. वाऱ्याच्या दिशेवरून ठरते.

प्रकाशाचे ऋतू

पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे शालेय भूगोलात आपण वाचतो. त्या एका वाक्याचा पूर्ण अर्थ लाँगयिअरब्येनच्या रस्त्यावर उभे राहिल्यावर समजतो. साधारण २० एप्रिलपासून २३ ऑगस्टपर्यंत तेथे सूर्य मावळतच नाही. २१ जूनला मध्यान्ही तो क्षितिजापासून सुमारे ३५ अंश उंच असतो, आणि मध्यरात्री उत्तरेस सुमारे साडेअकरा अंशांवर येतो. पुढे पुन्हा चढू लागतो. उलट २६ ऑक्टोबरच्या सुमारास तो क्षितिजाखाली जातो, तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही. त्यातही नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत दुपारी बारा वाजताही संधिप्रकाश म्हणावा इतकासुद्धा उजेड नसतो.

सूर्य क्षितिजावर आला तरी गावाला त्याचे दर्शन लगेच होत नाही, कारण दक्षिणेस डोंगर आहेत. जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांवर पहिले किरण पडतात ते ८ मार्चच्या सुमारास. त्या दिवशी गावातील लहानथोर मंडळी त्या पायऱ्यांजवळ जमून सूर्याचे स्वागत करतात. चार महिन्यांहून अधिक काळ ज्याला पाहिले नाही, त्याचे स्वागत मनापासून होते यात नवल नाही.

आपल्या उन्हाळा, पावसाळा, हिवाळा या विभागणीचा तेथे उपयोग नाही. प्रवाशाच्या सोयीसाठी तेथील वर्षाचे तीन भाग पाडतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळोखा हिवाळा. मार्च ते मेचा मध्य हा उजेडाचा हिवाळा. मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत उन्हाळा. काळोख्या हिवाळ्यात ध्रुवीय प्रकाशाचा खेळ पाहावयास मिळतो. आणि दिवसाही काळोख असल्यामुळे तो दुपारीसुद्धा दिसू शकतो, हे स्वालबार्डचे वैशिष्ट्य होय. उजेडाच्या हिवाळ्यात बर्फ भरपूर असते आणि ऊनही असते. या काळात दिवस अतिशय झपाट्याने वाढतो. फेब्रुवारीच्या मध्यास शून्य असलेला दिवस एप्रिलच्या विसाव्या तारखेच्या सुमारास चोवीस तासांचा होतो. म्हणजे तो दररोज सरासरी वीस मिनिटांहून अधिक वाढला.

अनेकांना आश्चर्य वाटते ते असे, की सर्वांत थंड काळ डिसेंबरच्या काळोखात येत नाही; तो बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. जमीन व समुद्र आपली साठविलेली उष्णता हळूहळू गमावीत असतात, आणि परत आलेला सूर्य प्रारंभी इतका खाली असतो की त्याच्याने ती तूट भरून निघत नाही. शिवाय ताजे बर्फ आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा बहुतेक भाग परत फेकते. लाँगयिअरब्येनच्या विमानतळावरील नीचांकाची, उणे ४६.३ अंशांची, नोंद १९८६ सालच्या मार्च महिन्यातीलच आहे. ऊन पाहून थंडी गेली असे समजणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. याच उन्हापासून डोळ्यांनाही जपावे लागते. बर्फावरून परतणारा प्रकाश तासन्‌तास उघड्या डोळ्यांवर पडला, तर डोळे चुरचुरतात, त्यांतून पाणी वाहू लागते आणि काही काळ दिसेनासे होते. यालाच हिमांधत्व म्हणतात. गडद काचांचा चष्मा त्या ऋतूत शोभेची वस्तू नसून गरजेची वस्तू होय.

आकड्यात न दिसणारी थंडी

मनुष्याच्या त्वचेभोवती हवेचा एक पातळ, उबदार थर असतो. हवा स्थिर असली तर तो पांघरुणासारखा काम करतो. वारा सुटला की हे पांघरूण उडून जाते, आणि शरीराची उष्णता वेगाने बाहेर पडू लागते. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९४० नंतरच्या काही वर्षांत अंटार्क्टिकामध्ये याविषयी प्रयोग केले. त्यांनी पाण्याने भरलेले एक लहान नळकांडे वाऱ्यात टांगून ठेवले आणि ते पाणी गोठण्यास किती वेळ लागतो ते मोजले. प्रयोग अगदी साधा होता. तथापि थंडीच्या जाणिवेचे मोजमाप करण्याची वाट त्यातून सापडली. आज प्रचलित असलेल्या सुधारित सूत्रानुसार, उणे १५ अंश तपमानात ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा वाहत असेल, तर उघड्या चेहऱ्याला जाणवणारी थंडी सुमारे उणे २६ अंशांची असते.

स्वालबार्डच्या दऱ्यांतून व फियॉर्डांतून, म्हणजे डोंगरांत खोल घुसलेल्या समुद्राच्या खाड्यांतून, वारा नळीतून आल्यासारखा वेगाने येतो. उघड्या बर्फवाहनावर बसून जाणारा प्रवासी तर स्वतःच वारा निर्माण करतो : हवा स्थिर असली, तरी वाहनाचा वेग हाच त्याच्या चेहऱ्यावरचा वाऱ्याचा वेग. अशा वेळी नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या, गाल आणि बोटे प्रथम गोठू लागतात. कातडी पांढरी पडते आणि तेथील संवेदना जाते. हाच हिमदंश. दुखणे थांबले म्हणून बरे वाटले, असे त्या वेळी समजणे घातक ठरते. म्हणून तेथील वाटाडे सोबतच्या प्रवाशांना एकमेकांचे चेहरे वरचेवर पाहावयास सांगतात. स्वतःच्या गालावरचा पांढरा डाग स्वतःला दिसत नाही, सोबत्याला दिसतो.

कपड्यांचे तत्त्व यावरूनच निघते. एकच जाड कोट घालण्यापेक्षा अनेक पातळ थर बरे. कारण ऊब कापडापेक्षा कापडांच्या मध्ये अडकलेल्या हवेत असते. अंगालगत लोकरीचे वस्त्र असावे. सुती वस्त्र घाम शोषून ओले राहते, आणि ओले वस्त्र शरीराची उष्णता झपाट्याने खेचून घेते. सर्वांत बाहेर वारा न शिरू देणारा थर असावा. बूट किंचित सैल असावेत, म्हणजे आत हवेला जागा राहते. चालताना घाम येऊ लागला, तर एखादा थर वेळीच काढावा; थांबल्यावर तो पुन्हा घालावा.

कोरडी हवा आणि उन्हाळ्यातील धुके

बर्फाच्छादित प्रदेश म्हणजे भरपूर हिमवर्षाव, असा सर्वसाधारण समज असतो. लाँगयिअरब्येन येथे पाऊस व बर्फ मिळून वर्षाकाठी सुमारे २०० मिलिमीटर एवढेच पाणी पडते. राजस्थानच्या पश्चिम भागातील जैसलमेरचे पर्जन्यमान जवळपास एवढेच आहे. म्हणूनच अशा प्रदेशांना ध्रुवीय वाळवंट म्हणतात. थंड हवेत बाष्प मावत नाही, हे याचे एक मोठे कारण. ३० अंशांच्या तपमानात एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहू शकते. उणे १५ अंशांच्या हवेत जेमतेम दीड ग्रॅम. ही हवा घरात येऊन तापली, की अत्यंत कोरडी होते. ओठ फुटतात, घसा सुकतो, आणि घाम न येताही शरीरातील पाणी श्वासावाटे कमी होत राहते. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी न पिणारा प्रवासी लवकर थकतो.

उन्हाळ्यात बर्फ वितळते, हिमनद्यांचे पाणी ओढ्यांना लोटते, आणि खोलगट भागांत जमीन चिखलाची होते. तपमान सामान्यतः ३ ते ९ अंशांच्या दरम्यान राहते. या दिवसांतील खरी अडचण धुक्याची असते. उबदार व दमट हवा थंड समुद्रावर आली, की तिच्यातील बाष्प थिजून धुके तयार होते, आणि काही मिनिटांत डोंगर, किनारा व जहाज दिसेनासे होते. स्वालबार्डमध्ये हिम-अस्वले सर्वत्र हिंडतात. गावाबाहेर जाताना त्यांना हुसकून लावण्याचे साधन जवळ बाळगणे नियमाने आवश्यक आहे. धुक्यात अस्वल दुरून दिसत नाही. म्हणून धुके उतरले की पायी सहल रद्द करणे ही तेथील रीत आहे. प्रवाशाने त्याबद्दल वाटाड्याशी वाद घालू नये.

पायाखालची जमीन

स्वालबार्डची जमीन खोलवर कायमची गोठलेली आहे. किनाऱ्याजवळ सुमारे १०० मीटर, तर पर्वतांच्या पोटात ४०० मीटरांहूनही अधिक खोलीपर्यंत हा गोठलेला थर जातो. उन्हाळ्यात वरचा मीटर-दीड मीटरचा भाग तेवढा वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. जमिनीच्या या फुगण्या-खचण्यामुळे घरे खांबांवर उभारलेली असतात. घराची ऊब खालच्या जमिनीत उतरू नये, हाही त्यामागील हेतू आहे.

जमीन गोठलेली आहे, या एका गोष्टीवर विसंबून तेथे एक मोठे कार्य उभे राहिले. २००८ सालच्या फेब्रुवारीत लाँगयिअरब्येनजवळच्या डोंगरात जागतिक बीजभांडार उघडण्यात आले. शंभर मीटरांहून अधिक लांबीच्या बोगद्याच्या शेवटी, उणे १८ अंश तपमानात, जगभरातील पिकांच्या बियांचे नमुने तेथे ठेवले आहेत. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेनेही आपल्या संग्रहातील नमुने तेथे पाठविले आहेत. वीज बंद पडली, तरी डोंगराची नैसर्गिक थंडी बियांचे रक्षण करील, असा हिशेब होता. २०१६ सालच्या ऑक्टोबरात ऋतूच्या मानाने फारच उबदार हवा आली. जेथे बर्फ पडावयाचे तेथे पाऊस पडला, आणि पाणी बोगद्याच्या तोंडाशी शिरून तेथे गोठले. बियांना धक्का लागला नाही. तथापि कायम गोठलेल्या जमिनीवरचा भरवसा कमी झाला, आणि पुढे बोगद्याचा प्रवेशभाग पाणी न शिरेल असा नव्याने बांधावा लागला.

बदलती हवा

बीजभांडारातील ही घटना अपवादात्मक नव्हती. १९७१ ते २०१७ या काळात स्वालबार्डचे तपमान ३ ते ५ अंशांनी वाढल्याचे नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नमूद आहे. २०२० सालच्या २५ जुलैला लाँगयिअरब्येनच्या विमानतळावर २१.७ अंश तपमान नोंदले गेले; तो तेथील तोवरचा उच्चांक होता. समुद्रावरील बर्फ कमी झाले, की प्रकाश परत फेकणाऱ्या पांढऱ्या पृष्ठभागाऐवजी तो शोषून घेणारे काळे पाणी उघडे पडते. ते पाणी अधिक तापते, आणि बर्फ आणखी कमी होते. ज्या समुद्राने या प्रदेशाला ऊब दिली, त्याच समुद्रामुळे येथील तपमानवाढ इतर प्रदेशांहून जलद होत आहे. लाँगयिअरब्येन ज्या मोठ्या फियॉर्डच्या काठी आहे, तो पूर्वी हिवाळ्यात गोठत असे आणि लोक त्याच्या बर्फावरून ये-जा करीत. २००५ नंतर ते बर्फ भरवशाचे राहिलेले नाही.

२०१२ सालच्या जानेवारीच्या अखेरीस, भर ध्रुवरात्रीत, तपमान शून्याच्या वर गेले आणि बर्फावर पाऊस पडला. ते पाणी पुन्हा गोठले, तेव्हा साऱ्या जमिनीवर काचेसारखा बर्फाचा थर चढला. रस्त्यांवर पाय ठरेना. रेनडिअर खुरांनी बर्फ उकरून खालचे गवत व शेवाळ खातात. त्यांना तो थर फोडता आला नाही, आणि त्या हिवाळ्यात पुष्कळ रेनडिअर उपासमारीने मेले.

मनुष्यहानीचा प्रसंग २०१५ सालच्या १९ डिसेंबरचा आहे. तो शनिवार होता, आणि नाताळ आठवड्यावर आला होता. आदल्या रात्री मोठे वादळ झाले होते. वाऱ्याने डोंगरमाथ्यावरचे बर्फ उचलून गावाच्या अंगच्या उतारावर, आडोशाच्या बाजूस, रचून ठेवले. सकाळी हा ढीग सुटला. हिमलोट खाली आला आणि ११ घरे आपल्या जागेवरून ढकलली गेली. शेजारीपाजारी फावडी घेऊन काळोखात धावले आणि त्यांनी अनेकांना जिवंत बाहेर काढले. तरीही एक पुरुष आणि एक लहान मूल असे दोघे दगावले. या संकटाला केवळ कडाक्याची थंडी कारण नव्हती. वारा आणि उताराची दिशा हे त्यामागे होते. २०१७ सालच्या फेब्रुवारीत त्याच डोंगरावरून पुन्हा हिमलोट आला. त्या वेळी सुदैवाने जीवितहानी झाली नाही. त्यानंतर उताराच्या पायथ्याची धोक्यातील घरे रिकामी करण्यात आली आणि उतारावर बर्फ अडविणारे कठडे बांधण्यात आले. आता हिवाळ्यात या भागासाठी हिमलोटाचे इशारे नियमितपणे प्रसिद्ध होतात, आणि शहाणा प्रवासी तपमानाआधी तो इशारा वाचतो.

प्रवाशाने काय करावे

वरील विवेचनावरून काही नियम सहज निघतात. हवेचा अंदाज पाहताना तपमानाबरोबर वाऱ्याचा वेग व दिशा पाहावी. नॉर्वेच्या अंदाजपत्रकात वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटर या मापात देतात. त्या आकड्याला ३.६ ने गुणले, की ताशी किलोमीटर मिळतात. हिवाळ्यात तपमान शून्याजवळ येत असेल, तर आनंद मानण्याऐवजी सावध व्हावे. निसरड्या वाटा, ओले कपडे, सैल झालेले बर्फ ही सर्व त्या ऊबेची अपत्ये आहेत. बुटांना बांधावयाचे लोखंडी काटे जवळ ठेवावेत. छायाचित्रयंत्राची बॅटरी थंडीत लवकर क्षीण होते, म्हणून जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवावी. यंत्र बाहेरून आत आणताना पिशवीत बंद करून आणावे, नाही तर घरातील बाष्प त्याच्या थंड काचेवर थिजते. उन्हाळ्यात मध्यरात्रीच्या उजेडाने झोप उडते. घड्याळ पाहून झोपण्याची सवय लावावी आणि डोळ्यांवर काळी पट्टी बांधावी. सरतेशेवटी, परतीच्या विमानापुढे एखाददुसरा मोकळा दिवस हाताशी ठेवावा. वादळ आले तर विमान येत नाही, आणि घाईत असलेला प्रवासी नेमके जेथे जाऊ नये तेथे जातो.

भारताचे ठाणे

लाँगयिअरब्येनच्या वायव्येस, ७८ अंश ५५ मिनिटे उत्तर अक्षांशावर, न्यू-ऑलेसुंड हे संशोधकांचे छोटे गाव आहे. हेही एके काळी कोळशाचेच गाव होते. १९६२ साली खाणीत स्फोट होऊन २१ कामगार मृत्युमुखी पडले, आणि पुढे खाण बंद होऊन तेथे विज्ञानाचे काम सुरू झाले. भारताची पहिली आर्क्टिक मोहीम २००७ सालच्या ऑगस्टमध्ये येथे गेली, आणि २००८ सालच्या १ जुलैला 'हिमाद्री' हे भारताचे संशोधन केंद्र उघडले. गोव्यातील वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र त्याचे काम पाहते. प्रारंभी भारतीय शास्त्रज्ञ मुख्यत्वे उन्हाळ्यात तेथे जात. २०२३ सालच्या डिसेंबरात पहिली हिवाळी मोहीम निघाली, आणि ध्रुवरात्रीच्या काळोखातही तेथे भारतीय शास्त्रज्ञ काम करू लागले.

तेथील फियॉर्डमध्ये २०१४ सालच्या जुलैत भारतीय शास्त्रज्ञांनी सुमारे १९० मीटर खोल पाण्यात उपकरणांची एक साखळी नांगरून ठेवली. पाण्याचे तपमान, क्षारता व प्रवाह यांच्या नोंदी घेणे हे तिचे काम. अटलांटिकचे उबदार पाणी त्या फियॉर्डमध्ये केव्हा व किती शिरते, हे अशा नोंदींवरून कळते. आर्क्टिकमधील बदलांचा भारतीय मान्सूनशी काही संबंध आहे काय, हाही आपल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा एक विषय आहे. नांगरगावचा किंवा नालगोंड्याचा शेतकरी ज्या पावसाची वाट पाहतो, त्याच्या अभ्यासात ध्रुवाजवळच्या त्या काळ्या पाण्यालाही स्थान मिळाले आहे.

स्वालबार्डला जाऊन येणारा प्रवासी बर्फाची, ध्रुवीय प्रकाशाची आणि मध्यरात्रीच्या सूर्याची छायाचित्रे आणतोच. परंतु परत आल्यावर कोणी "तेथे थंडी किती होती?" असे विचारले, आणि त्याने आकडा सांगण्यापूर्वी "वारा कोणीकडचा होता, ते आधी सांगतो," असे उत्तर दिले, तर त्या प्रदेशाची हवा त्याला समजली, असे म्हणावयास हरकत नाही.